हिपॅटायटिस सी उलटला, दुसरा कोर्स अर्धवट सुटला. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, धाकट्या भावासाठी विचारतेय. आम्ही नागपूरचे. त्याला सिकलसेल (तांबड्या पेशींचा आनुवंशिक आजार) आहे, लहानपणापासून रक्त चढवावं लागतं.

हिपॅटायटिस सीसाठी सोफोसबुविर-डाक्लाटासविर या गोळ्यांचा १२ आठवड्यांचा कोर्स नीट झाला, व्हायरल लोड (रक्तातलं विषाणूचं प्रमाण) निल आला. पण गोळ्या संपल्यावर १२ आठवड्यांनी केलेल्या तपासणीत विषाणू परत दिसला. मग सोफोसबुविर-वेल्पाटासविर सुरू केलं. मध्येच सिकलसेलचा क्रायसिस (अचानक तीव्र वेदनांचा झटका), भरती, आणि त्या धावपळीत गोळ्या सुटल्या त्या सुटल्याच.

आता डॉक्टर म्हणतात, वेल्पाटासविरच पुन्हा २४ आठवडे, सोबत रिबाव्हिरिन. मला धास्ती त्या रिबाव्हिरिनची आहे. त्याने तांबड्या पेशी फुटतात, आणि याचं हिमोग्लोबिन मुळातच सातच्या आसपास. जिना चढला तरी कठड्याला धरून उभा राहतो.

सिकलसेल किंवा थॅलेसेमियाच्या कुणी असा कोर्स घेतलाय का? डोस कमी ठेवला, की रिबाव्हिरिन वगळलं? आधीचे कोर्स फसलेल्यांना देतात ती व्हॉक्सिलाप्रेविर असलेली गोळी कुणाला मिळाली का? आणि २०१८ पासूनच्या सरकारी हिपॅटायटिस कार्यक्रमातली मोफत औषधं कोर्स सुटलेल्यांना पुन्हा मिळतात का? इथल्या मेडिकल किंवा मेयो या सरकारी हॉस्पिटलांत कुठल्या ओपीडीला जायचं?

काढे, जडीबुटी कृपया सुचवू नका, त्याचं लिव्हर आधीच थकलंय. ज्यांनी हे भोगलंय त्यांनी जरूर लिहा.