‘सेशन’ला ‘सत्र’ म्हणावं का?

मूळ प्रश्न

आमच्याकडे नव्याने लागणाऱ्या मुलांसाठी मी मराठीत टिपणं लिहितोय. मुलं बहुतेक डिप्लोमा करून आलेली. पायथन येतं, फ्लास्कमध्ये एखादं छोटं ॲप केलेलं असतं, पण एसक्यूएलअल्केमीच्या (पायथनमधून डेटाबेसशी बोलायच्या लायब्ररीच्या) ‘सेशन’पाशी गाडी अडते. मी फार विचार न करता ‘सत्र’ लिहून मोकळा झालो. सत्र न्यायालय, सत्र परीक्षा, शिबिराचं सकाळचं सत्र असं सगळीकडे चालतं, तर इथे का चालू नये?

मागच्या आठवड्यात त्याचं फळ मिळालं. एका मुलाने फाइलच्या अगदी वरच सेशन उघडून ठेवलं आणि येणाऱ्या सगळ्या विनंत्यांना (रिक्वेस्टना) तेच एक वापरायला दिलं. दोन दिवस सुरळीत चाललं. तिसऱ्या दिवशी कुणीतरी आधीच नोंदलेला मोबाइल नंबर पुन्हा भरला. डेटाबेसने ती नोंद नाकारली, ते बरोबरच. पण त्यानंतर जो येईल त्याला, अगदी नुसती यादी बघायला आलेल्यालाही, एकच एरर: आधीच्या चुकीमुळे या सेशनचं ट्रान्झॅक्शन (एकत्रच पक्के होणारे बदल) मोडलंय, आधी रोलबॅक करा, म्हणजे ते बदल मागे घ्या. सर्व्हर रीस्टार्ट करेपर्यंत सगळं ठप्प.

मुलाला विचारलं, असं का केलंस? तर म्हणाला, “सर, तुमच्या टिपणात सत्र लिहिलंय. सत्र म्हणजे चार-सहा महिने चालतं ना?”

मला हसू आलं, मग नाही आलं. दुसरा काही शब्द आहे का?

प्रतिसाद १

तुमच्याकडच्या त्या मुलाचा भाषेचा कान चांगला आहे म्हणायचं. ‘सत्र’ मुळात संस्कृत ‘सत्त्र’, बसणे या अर्थाच्या ‘सद्’ धातूपासून. इंग्रजीतला ‘सेशन’ लॅटिनमधून आला, तोही बसण्यावरूनच. दोन्हींचं मूळ एकच, त्यामुळे कोशात ही जोडी अगदी शोभून दिसते.

पण सत्राला लांबी चिकटलेली आहे. सोमयागात सोम कुटण्याचा दिवस एकच असेल तर तो ‘एकाह’, दोन ते बारा असतील तर ‘अहीन’, आणि त्याहून लांबलं की ‘सत्र’. नैमिषारण्यात शौनकांचं चाललं होतं ते बारा वर्षांचं, आणि तिथेच सौतीने महाभारत ऐकवलं. आजची वर्तमानपत्रं बघा: ‘चोऱ्यांचे सत्र सुरूच’, ‘राजीनामासत्र’, ‘बदल्यांचे सत्र थांबेना’. म्हणजे मराठी कानाला सत्र हे एकदा सुरू झालं की थांबत नाही असं काहीतरी वाटतं. आणि तुम्हाला हवंय ते अर्ध्या सेकंदात मिटवायचं. एकाह म्हणा मग!

(थट्टा करतोय. मुलं पळून जातील.)

प्रतिसाद २

सरळ ‘सेशन’ लिहा आणि मोकळे व्हा. ऑफिसात कोण सत्र म्हणतं? “सेशन क्लोज केलंस का?”, “रोलबॅक मार आधी”, “पूल संपलाय” असंच बोलतो आपण. उगाच शब्द पाडत बसायचं आणि मग मुलांना नोकरीत पुन्हा इंग्रजी शब्द शिकवायचे, हा दुहेरी खर्च.

प्रतिसाद ३

वरच्यांशी अर्धा सहमत. ‘सेशन’ लिहून गोंधळ मिटत नाही, कारण गोंधळ मुळातच इंग्रजीत आहे. मी डेटाबेस सांभाळतो, रोज हे भांडण बघतो. एकाच ॲपमध्ये तीन वेगळ्या गोष्टींना सेशन म्हणतात, आणि तिघींची आयुष्यं वेगळी.

पहिलं लॉगिनचं सेशन. एचटीटीपीला मागचं काही आठवत नाही, म्हणून १९९४ मध्ये नेटस्केपने कुकी आणली. तिच्या आधाराने माणूस अनेक विनंत्यांमध्ये ‘तोच’ राहतो. जँगोत (पायथनचाच वेब फ्रेमवर्क) हे सेशन मुळात, म्हणजे आपण काही बदललं नाही तर, दोन आठवडे टिकतं.

दुसरं डेटाबेस सर्व्हरचं. पोस्टग्रेस या डेटाबेसच्या लेखी सेशन म्हणजे एक कनेक्शन, आणि प्रत्येक कनेक्शनमागे सर्व्हरवर एक स्वतंत्र प्रोसेस. मुळात १०० ची मर्यादा असते. ही कनेक्शनं उघडायला महाग, म्हणून ॲप ती उघडून ठेवतं आणि आलटूनपालटून वापरतं. एकेक तासन्‌तास जगतं.

तिसरं तुमचं, ओआरएमचं, म्हणजे डेटाबेसच्या ओळी ऑब्जेक्ट म्हणून हाताळू देणाऱ्या एसक्यूएलअल्केमीसारख्या लायब्ररीचं. ते विनंती आली की सुरू व्हावं आणि उत्तर गेलं की संपावं.

मी नव्या लोकांना एसटीवरून सांगतो. कनेक्शन म्हणजे गाडी. ओआरएमचं सेशन म्हणजे त्या गाडीची एक फेरी. लॉगिनचं सेशन म्हणजे प्रवाशाच्या खिशातला पास. फेरी संपली म्हणून गाडी भंगारात जात नाही, ती आगारात परत उभी राहते. आणि पास महिनाभराचा आहे म्हणून कुणी महिनाभर गाडी अडवून ठेवत नाही. तुमच्या मुलाने एकच गाडी स्टँडवर उभी केली आणि तिच्यात अख्ख्या जिल्ह्याला बसवलं.

ता. क. यातून ‘पूल’चाही, म्हणजे उघडून ठेवलेल्या कनेक्शनांच्या साठ्याचाही, प्रश्न सुटतो. ‘कनेक्शन पूल’ असं लिहिलं की अर्धी मुलं नदीवरचा पूल समजतात, दोन टोकं जोडणारा, आणि अर्थ जवळपास जमतोही, हीच पंचाईत! मी ‘कनेक्शनचं आगार’ म्हणतो. एसक्यूएलअल्केमीच्या आगारात मुळात ५ गाड्या, गर्दीत आणखी १०. त्याही संपल्या तर येणारा ३० सेकंद फलाटावर थांबतो आणि मग एरर घेऊन घरी जातो.

प्रतिसाद ४

आगार! हे मी चोरणार.

प्रतिसाद ५

‘फेरी’ चांगला आहे, पण मला ‘खेप’ जास्त जवळचा वाटतो. फेरी नुसती मारूनही येता येते, सकाळची फेरी मारतात तशी. खेपेत ओझं असतं. आमच्या गावाकडे आडावरून पाण्याच्या खेपा व्हायच्या: रिकामी घागर घेऊन जायचं, भरून आणायची, रांजणात ओतायची. ओआरएमचं सेशन नेमकं हेच करतं. विनंती चालू असताना जे जे बदललं ते गोळा करतं आणि शेवटी एकदम ओततं. वाटेत ठेच लागून घागर फुटली तर रांजणात काहीच पडत नाही, आणि आपण म्हणतो, “खेप फुकट गेली.” रोलबॅकला याहून चांगलं मराठी मला तरी सुचत नाही.

आणि एका खेपेचं पाणी दुसऱ्या खेपेत नेत नाहीत, हे वेगळं सांगावं लागत नाही. तुमच्या मुलाला ‘एका विनंतीची एक खेप’ एवढं सांगितलं असतंत तर तो फाइलच्या वर जाऊन बसला नसता.

प्रतिसाद ३ यांचं उपउत्तर

खेप मान्य. फक्त एक टोचणी: ओतणं दोन टप्प्यांत होतं. ‘फ्लश’ केलं की बदल डेटाबेसकडे जातात पण पक्के होत नाहीत, ‘कमिट’ केलं की पक्के. रांजणात एकदा ओतलेलं पाणी परत कसं काढणार? इथे वहीची उपमा बरी: फ्लश म्हणजे पेन्सिलीने लिहिणं, कमिट म्हणजे शाईने.

प्रतिसाद ६

जावावाल्यांची बाजू. हायबरनेटमध्येही (जावाचं ओआरएम) सेशनच आहे, पण आमचा त्रास उलटा. तुमच्याकडे सेशन फार उशिरा मिटतं म्हणून बोंब, आमच्याकडे आधी फार लवकर मिटायचं म्हणून बोंब होती. पान तयार होताना ग्राहकाच्या ऑर्डरी मागितल्या की ‘सेशनच नाही’ म्हणून अपवाद फेकला जायचा. त्यावर तोडगा निघाला तो पान पूर्ण होईपर्यंत सेशन उघडं ठेवायचा. स्प्रिंग बूट या जावाच्या फ्रेमवर्कमध्ये हे आजही मुळात चालू असतं, फक्त आवृत्ती २ पासून सुरू होतानाच लॉगमध्ये इशारा छापला जातो. तो इशारा कुणी वाचत नाही.

वाचावा. स्प्रिंग बूटसोबत येणाऱ्या हिकारी या कनेक्शन पूलच्या आगारात मुळात १० कनेक्शनं. विनंतीत आधी डेटाबेसला एक प्रश्न विचारला आणि मग बाहेरच्या पेमेंट सेवेच्या उत्तराची ३ सेकंद वाट पाहिली, तर तेवढा वेळ कनेक्शन हातात धरून उभे. १० भागिले ३, म्हणजे सेकंदाला जेमतेम तीन माणसं. सर्व्हरचा सीपीयू मात्र झोपलेला. आमच्या एका जुन्या प्रकल्पात आम्ही यावर महिनाभर सर्व्हर वाढवत बसलो होतो, कारण ‘लोड आहे’ असं सगळ्यांना वाटत होतं. लोड नव्हता, गाड्या पेट्रोल पंपावर रिकाम्या उभ्या होत्या.

शब्दाबद्दल: जेपीएवाल्यांनी (जावातल्या ओआरएमचं प्रमाण ठरवणाऱ्यांनी) ‘सेशन’ टाकून ‘एन्टिटी मॅनेजर’ केलं, डॉटनेटमध्ये ‘डीबीकॉन्टेक्स्ट’ आहे आणि तो मुळातच विनंतीपुरता नोंदवला जातो. म्हणजे नाव बदलायची खाज आपल्यालाच आहे असं नाही.

प्रतिसाद ७

पोस्टग्रेसमध्ये असं अडकलेलं कनेक्शन बघायचं कुठे, तर सर्व्हरची चालू कनेक्शनं दाखवणारी यादी असते, तिच्यात ‘आयडल’ आणि ‘आयडल इन ट्रान्झॅक्शन’ अशा दोन अवस्था. पहिली म्हणजे आगारात उभी गाडी, काही हरकत नाही. दुसरी म्हणजे फेरी सुरू करून रस्त्यात उभी केलेली, चालक चहाला गेलाय. ती कुलुपं (लॉक) धरून ठेवते आणि मेलेल्या, म्हणजे बदललेल्या किंवा पुसलेल्या जुन्या, ओळींची झाडलोट अडवते. २०१६ च्या ९.६ आवृत्तीपासून अशांना ठरावीक वेळाने हाकलायची सोय आहे, पण मुळात बंद असते, आपण चालू करायची. त्या सेटिंगच्या नावातही ‘सेशन’ आहे, आणि तिथे त्याचा अर्थ कनेक्शन! वर म्हटलंय ते खरं आहे, इंग्रजीतच घोळ आहे.

प्रतिसाद ८

कुणी ‘धाग्या’चं बोललं नाही, आणि आपण बसलोय धाग्यावरच.

एसक्यूएलअल्केमीतलं ‘स्कोप्ड सेशन’ काय करतं? सर्व्हरमध्ये काम करणाऱ्या प्रत्येक थ्रेडला, म्हणजे धाग्याला, आपापलं सेशन देतं. जुन्या पद्धतीच्या सर्व्हरवर एका वेळी एक धागा एकच विनंती हाताळतो, म्हणून धाग्याचं सेशन ते विनंतीचं सेशन असं चालून जायचं. विनंती संपली की ते काढून टाकायचं. हे विसरलं की पुढच्या माणसाला आधीच्याचं उष्टं ताट. पण असिंक (एक काम उत्तराची वाट बघत असताना दुसरं चालवायची पद्धत) आलं आणि एकाच धाग्यावर शंभर विनंत्या आळीपाळीने चालायला लागल्या. तिथे धाग्याच्या नावावर सेशन ठेवलं तर माझं कमिट तुमचे अर्धवट बदल पक्के करून टाकेल. म्हणून फास्टएपीआयमध्ये (पायथनचा असिंक फ्रेमवर्क) विनंतीगणिक सेशन उघडून हातात द्यायचं आणि शेवटी मिटायचं अशी रीत आहे.

म्हणजे शब्दाचा प्रश्न खरा ‘कशापुरतं’ हा आहे. धाग्यापुरतं, विनंतीपुरतं, लॉगिनपुरतं. आपल्या ‘-पुरता’ प्रत्ययात जे काम होतं ते करायला इंग्रजीला ‘स्कोप’ नावाचा वेगळा शब्द लागतो. नामाला हात न लावता ‘विनंतीपुरतं सेशन’ असं लिहिलं तरी निम्मं भांडण मिटेल.

प्रतिसाद २

हे मात्र पटलं. विनंतीपुरतं सेशन. इंग्रजी शब्दही राहिला आणि प्रतिसाद ५ ची घागरही फुटली नाही.

मूळ प्रश्नकर्ता

सगळ्यांचे आभार. टिपण दुरुस्त केलं. ‘सत्र’ फक्त लॉगिनसाठी ठेवला, तिथे लांबी शोभते. सर्व्हरच्या बाजूला सरळ ‘कनेक्शन’, सेशन हा शब्दच काढला. ओआरएमसाठी पहिल्यांदा येईल तिथे ‘विनंतीपुरतं सेशन’, आणि पुढे समजावताना ‘खेप’. त्या मुलालाच वाचायला दिलं. त्याने वाचून कोड न सांगता बदललं, आणि मग विचारलं: “सर, खेप संपल्यावर हातात राहिलेल्या ऑब्जेक्टचं काय? त्याला ग्राहकाचा पत्ता विचारला तर ‘डिटॅच्ड’ (सेशनपासून तुटलेला) म्हणून ओरडतो.” आता याला काय म्हणू? ‘सुटा’ लिहावं असं मनात आहे. सुटी नोंद, सुटा ऑब्जेक्ट.

प्रतिसाद ५

‘सुटी नोंद’ वाचून मुलं सोमवारी येणार नाहीत. ‘विलग’ लिहा. २०२० पासून हा शब्द घराघरात माहीत आहे: ऑब्जेक्ट विलगीकरणात आहे, बाहेरून काही मागू नका, जे लागेल ते आधीच आत नेऊन ठेवा.