मदत हवी आहे: न्यूमॅटिक आर्म मधेच थांबवायचाय, टायमिंग बसंना

नमस्कार मंडळी, अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचं टॉवेलचं छोटं युनिट आहे. घडी घातलेले टॉवेल पॅकिंगच्या टेबलावर सरकवायला हवेच्या दाबावर चालणारा एक आर्म बनवलाय. ३२ मिमी बोअर (आतला व्यास), ३०० मिमी स्ट्रोकचा (रॉडची धाव) आडवा सिलिंडर, ५/३ सोलेनॉइड व्हॉल्व (विजेच्या कॉइलवर चालणारा, पाच तोंडं, तीन पोझिशन), मधल्या पोझिशनला सगळं बंद होणारा, आणि कंट्रोलला आर्डुइनो बोर्ड. लेबल लावायला मधे थांबवायचं म्हणून कॉइल ३५० मिलिसेकंद ऑन ठेवून सोडतो, सकाळी बरोबर थांबतो पण दुपारी सगळी मशिनं चालू झाली की कधी बोटभर अलीकडं कधी पलीकडं, आणि थांबल्यावरही जरा डुलतोय. वेळ बदलून बघितली, आत्ता जमलं की तासाभरानं बिघडतं. सर्वो मोटर घ्या म्हणू नका, तेवढं बजेट असतं तर विचारलंच नसतं राव. कॉम्प्रेसर एकच, ५ बारला चालू ७ ला बंद, रेग्युलेटर ६ वर.

प्रतिसाद: शेवटची ओळ परत वाचा की. रेग्युलेटर दाब कमी करतो, वाढवत नाही, टाकीत ५ असताना ६ कुठून देणार? साडेचारवर लावा, टॉवेलला तेवढा जोर लै झाला. आणि व्हॉल्व बंद झाला तरी दोन्हीकडं कोंडलेली हवा स्प्रिंगसारखी दबती, म्हणून डुलतो. फ्लो कंट्रोल बाहेर पडणारी हवा अडवतील असे लावा, व्हॉल्वपासूनचा पाइप आखूड करा. खरं म्हणजे वेळ मोजण्यापेक्षा सिलिंडरवर रीड स्विच लावा (पिस्टनमधलं मॅग्नेट जवळ आलं की चालू होणारा), आर्म जागेवर आला की कॉइल सोडायची.

प्रतिसाद: मधली जागा कायम तीच असेल तर १५० चे दोन सिलिंडर पाठीला पाठ जोडा, ५/२ व्हॉल्व (दोनच पोझिशनचे) दोन. एक सिलिंडर उघडला की मधे, दोन्ही उघडले की शेवटी, प्रत्येक जण आपल्या टोकाला जाऊन थांबतो, टायमिंगची भानगडच नाही. एक रॉड फ्रेमला फिक्स होतो, सिलिंडरच हलतात, त्यामुळं पाइप ढिले सोडा.

धागाकर्ता: साडेचारवर केलं, वेळ परत सेट केली, दुपारी पण बराच फरक पडला, धन्यवाद दादा. दोन सिलिंडरचं पुढच्या आर्मला बघू. पण पिस्टनला मॅग्नेट आहे का कसं ओळखायचं? जुन्या बाजारातला आहे, नंबर घासून गेलाय.

प्रतिसाद: मोबाइलमधलं होकायंत्र सिलिंडरला चिकटवून धरा आणि पिस्टन हातानं सरकवा, काटा फिरला तर आहे. फक्त हात घालायच्या आधी सिलिंडरचे दोन्ही पाइप काढा. मेन कॉक बंद केला तरी तुमच्या व्हॉल्वमुळं आत हवा कोंडलेली राहती, आर्म झटका देतो.