गाण्याचा क्लास ऑनलाईन करतेय, सूर कसा सांभाळायचा?

पंचवटीची_गानताई
नमस्कार मंडळी, नाशिकला पंचवटीत गेली 19 वर्षं घरीच गाण्याचा आणि पेटीचा क्लास घेते. 2027च्या सिंहस्थाची कामं सुरू झाल्यापासून आमच्याकडे यायचं म्हणजे पालक वैतागतात, हा रस्ता बंद तो खोदलेला, पाथर्डी फाट्यावरून संध्याकाळी सहाला पोरांना आणायचं तर तास जातो. म्हणून म्हटलं दोन महिने ऑनलाईन करून बघू, तर पहिल्याच आठवड्यात रडू यायची वेळ आली. मी पेटीवर सा धरते नि मुलीला म्हणते माझ्याबरोबर लाव, तर तिचा आवाज मागून येतो, आणि ती म्हणते ताई तुम्हीच मागे राहताय. तानपुरा लावला तर तिकडे दोन सेकंद ऐकू येतो मग गायब. भूप रागात तिचा गंधार, म्हणजे ग, चढतोय की फोनमुळे मला तसं वाटतंय तेच कळेना. समोर असली की तिच्या हातावर हात ठेवून भाता किती हलका मारायचा ते दाखवायचे, ते आता कसं करू? गाण्याच्या प्रवेशिका पूर्ण परीक्षेच्या तीन मुली आहेत, ती नोव्हेंबर-डिसेंबरला. कुणी केलंय का हे नीट?

तबला_नाशिकरोड
ताई, आधी एक गोष्ट मनातून काढून टाका, एकत्र गायचं-वाजवायचं ऑनलाईन जमत नाही, प्रयत्नच करू नका. आवाज जाऊन परत यायला साध्या नेटवर सहज 200 मिलिसेकंद जातात आणि 30च्या आसपास गेलं की आपल्याला लय ओढल्यासारखी वाटायला लागते. तीनतालात मात्रा अर्ध्या सेकंदाची धरली तर 200 म्हणजे जवळपास अर्धी मात्राच की, तबल्याचा कायदा (ठरलेल्या बोलांची रचना) तालात बसणार कसा. मी 2020च्या लॉकडाऊनमध्ये महिनाभर पोरांना लय कच्ची म्हणून रागावत होतो आणि चूक नेटची होती, त्याचं अजून वाईट वाटतं. आता लेहरा, म्हणजे तालासाठी फिरत राहणारी पेटीची धून, मुलाच्याच खोलीत वाजतो, मी म्यूटवर आणि फक्त ऐकतो, मग थांबवून सांगतो. तुम्ही पण तसंच करा, तानपुरा तिच्या घरी, तुम्ही एक ओळ म्हणा, थांबा, तिने म्हणायची.

आणि कॅमेरा चेहऱ्यावर नको. माझ्या एका पोराचा तबल्यावरचा 'ना' हा बोल दोन आठवडे बसका येत होता, मोबाईल वरून हातावर लावायला सांगितला तेव्हा दिसलं की अनामिका शाईच्या कडेला टेकतच नव्हती, हवेत! पेटीला पण तसाच लावा, पट्ट्या आणि भाता दोन्ही दिसले पाहिजेत.

साउंडवाला_कॉलेजरोड
तानपुरा गायब होतो त्याचं कारण सांगतो. ही अ‍ॅप्स बोलण्यासाठी बनवलेली, एकसारखा चालणारा आवाज आला की त्यांना तो पंख्याचा वाटतो आणि ती कापून टाकतात. तबल्यात डग्ग्याची आस, म्हणजे मागे घुमत राहणारा नाद, पण तशीच जाते. झूमच्या ऑडिओ सेटिंगमध्ये 'ओरिजिनल साउंड फॉर म्युझिशियन्स' आहे ते चालू करा, मीटिंग सुरू झाल्यावर वर त्याचं बटण दिसतं ते पण चालू आहे ना बघा, आणि दोन्हीकडे करा, मुलीच्या फोनवर राहिलं तर तिचं गाणं कापलंच जाणार. मग इको येऊ नये म्हणून दोघींनी इअरफोन घालायचे, वायरवाले, ब्लूटूथने आणखी उशीर होतो. फुकटच्या झूमला 40 मिनिटांनी कट होतं, तास तेवढाच ठेवा.

गंधाराचं म्हणाल तर फोन सहसा सूर चढवत नाही. पण नेट अडखळलं की अ‍ॅप तुटलेले तुकडे ताणून जोडतं, तेव्हा सूर हलल्यासारखा वाटतो. तिला फोनमध्येच रेकॉर्ड करून फाईल पाठवायला सांगा, सूर त्याच्यावरून ठरवा.

इंदिरानगरची_आई
ताई आईच्या बाजूने लिहिते. माझी मोठी पाचवीत, तिचं छान चाललंय, रोज रात्री रेकॉर्डिंग पाठवायचं म्हणून रियाज चुकत नाही, आधी आठवड्यातून दोनदाच पेटी उघडायची. धाकटा सहा वर्षांचा, त्याचं मात्र अजिबात नाही जमलं, स्क्रीनसमोर दहा मिनिटांत कंटाळतो, त्याला बाईंच्या मांडीजवळ बसूनच गायचं असतं. लहानांना प्लीज प्रत्यक्षच घ्या, रस्ता कसाही असू दे, रविवारी सकाळी आम्ही आणू.

तबला_नाशिकरोड
इंदिरानगरच्या ताईंचं पटतंय. आणि गानताई, ऑनलाईन शिकवणं कमीपणाचं आहे असं मानू नका. गायक विष्णु दिगंबर पलुस्करांनी 1901 साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढून वर्गात बसवून गाणं शिकवलं, गुरुच्या घरी राहून शिकायच्या काळात तेही मोठं धाडसच होतं. तेच पुढे आपल्या नाशकात येऊन राहिले.

पंचवटीची_गानताई
खूप खूप आभार सगळ्यांचे. काल करून बघितलं. ते बटण दोन्हीकडे चालू केलं, तानपुरा तिच्याकडे, काळी चार पट्टीत लावलेला, मी गप्प. तिने भूपाचा आरोह म्हटला आणि गंधार चढाच होता, रेकॉर्डिंगमध्ये पण तसाच, म्हणजे माझा कान बरोबर होता. नुसता ग धरून ठेव म्हटलं, पेटी न वाजवता, तानपुऱ्यातच शोध. पाचव्या-सहाव्या वेळेला लागला आणि तिचं तिलाच कळलं, मान हलवली तिने. क्लासमध्ये मी लगेच पट्टी दाबून दाखवायचे त्यामुळे ती शोधायचीच नाही बहुतेक.

आठ वर्षांखालच्या सगळ्यांना रविवारी सकाळी नऊला बोलावलंय. भात्याचं अजून जमलेलं नाही, मोबाईल वरून टांगायला स्टँड कुठला घेतलात ते तबलावाल्या सरांनी सांगा ना.