मदत हवी आहे: पक्षीनिरीक्षणाच्या ग्रुपमधून कुणाला न दुखवता कशी बाहेर पडू?

नमस्कार मंडळी. मी फोंड्याची. सहा वर्षांपूर्वी आम्ही पाच जणांनी व्हॉट्सॲपवर ग्रुप काढला. आता साडेतीनशे जण आहेत आणि ॲडमिन मी एकटीच. फोटोवरून पक्षी ओळखून देणं, रविवारची भटकंती ठरवणं, भांडणं सोडवणं, सगळं माझ्याकडे.

गेल्या रविवारी करमळीच्या तळ्यावर अडई बदकांचा थवा शिट्ट्या घालत उतरला आणि माझ्या मनात पहिलं आलं ते, 'आता हे ग्रुपवर टाकायला हवं.' दुर्बीण खाली ठेवली आणि रडूच आलं. पक्ष्यांचा नाही हो, ग्रुपचा वीट आलाय.

घरचे म्हणतात, गपचूप निघून ये, हल्ली बाकीच्यांना कळतही नाही. पण एकटी ॲडमिन निघाली की व्हॉट्सॲप आपणहून दुसऱ्या कुणाला तरी ॲडमिन करतं. तो घरट्यांचं लोकेशन मागणाऱ्यांतला निघाला तर? पावसाळ्यात तिबोटी खंड्या मातीच्या दरडीत बीळ करून अंडी घालतो. जागा फुटली की कॅमेरेवाल्यांची रांग लागते. चोचीत पाल धरून तो समोरच्या फांदीवर ताटकळत बसतो, माणसं हलेपर्यंत पिल्लांकडे जात नाही. म्हणून घरट्याचं लोकेशन टाकायचं नाही, हा आमचा नियम. त्यावरून गेल्या जूनमध्ये एकाने मला सुनावलं, "पक्षी काय तुझ्या बापाचे?" ते अजून मनातून जात नाही.

वाळपईची एक कॉलेजातली मुलगी जबाबदारीची आहे. पण हे ओझं तिच्या गळ्यात घालू का? आणि म्हापशाचे काका, ज्यांच्या ओसरीवर ग्रुप सुरू झाला, ते रोज सकाळी दारातल्या त्याच शिंपी पक्ष्याचा फोटो टाकतात आणि मी काय लिहिते याची वाट बघतात. त्यांना कसं सांगू?

प्रतिसाद: ताई, एकदम निघू नका. पावसाच्या आधीच दोघा-तिघांना ॲडमिन करा, म्हणजे एकटीवर भार येणार नाही. नियम ग्रुपच्या माहितीत लिहून ठेवा. महिनाभर सोबत राहा, पण उत्तरं त्यांना देऊ द्या. आणि काकांना मेसेज नको, घरी जाऊन सांगा.

धागाकर्ती: खूप आभार. तिघं हे सुचलंच नव्हतं. मुलीला आज विचारते, नको म्हणाली तर आग्रह करणार नाही. शनिवारी म्हापशाला जाते. काकांना म्हणेन, शिंप्याचा फोटो आता थेट मला पाठवा.