एअर गनने चाकाचे नट आवळणारा टायरवाला "कसाई" का?

टायरवाला_कराड
परवा इथे एकाने लिहिलं, "जो टायरवाला इम्पॅक्ट गनने (हवेवर चालणाऱ्या एअर गनने) चाकाचे नट आवळतो तो कसाई. अशा दुकानाची पायरी चढू नका." खाली बऱ्याच जणांनी "अगदी बरोबर" लिहून टाकलं. माझं दुकान हायवेला आहे आणि वडिलांपासून हाच धंदा आहे, त्यामुळे सविस्तर लिहितो.

गन यायच्या आधी आम्ही एल पान्यात पाईप घालून नट सोडवायचो. गंजलेला नट सुटला नाही की पोरगं पाईपवर उड्या मारायचं. पाना सटकला की बोटं सोलायची, नटाचे कोपरे गोल व्हायचे आणि मग छिन्नी-हातोडी. ट्रकचा नट तर ६०० न्यूटन मीटरच्या आसपास टॉर्कने, म्हणजे पिळाच्या जोराने, आवळलेला असतो आणि एका चाकाला असे दहा नट. माझ्या वडिलांचा उजवा खांदा आज वर जात नाही. गन आतून ठोके मारत फिरते, त्या ठोक्यांनी गंज फुटतो आणि हाताला झटका फार बसत नाही. ज्यांनी स्वतः कधी चाक खोललं नाही त्यांनी आम्हाला कसाई म्हणू नये.

आमच्याकडं कारचा नट आधी हातानं तीन-चार आटे चढवतात, म्हणजे आडवा चढत नाही. मग गन हलकी मारून नट बसवायचे आणि गाडी जॅकवरून खाली घेतली की समोरासमोरचे नट हातानं आवळायचे. यात चूक काय ते सांगा.

चाकणचा_इंजिनीअर
चूक काहीच नाही. पण दादा, शेवटचं आवळणं तुम्ही हाताने करता, म्हणजे त्या पोस्टवाल्याचंच म्हणणं पाळता. तो "आवळतो" म्हणाला होता, "सोडवतो" नाही.

मी पाहिलेल्या बहुतेक दुकानांत शेवटचा हात मारतच नाहीत. गन लावली, आवाज बदलेपर्यंत धरून ठेवली, झालं. अर्ध्या इंची एअर गनची ताकद सहज ५०० न्यूटन मीटरच्या वर असते. जुन्या स्विफ्टला लागतात ८५, पोलोच्या बोल्टना १२०. नटावर किती टॉर्क बसला ते गनला कळत नाही. टाकीतला दाब, नळीची लांबी, मध्ये लावलेलं एक्स्टेन्शन, ट्रिगर किती सेकंद दाबला, सगळ्यावर आकडा बदलतो. सकाळी कॉम्प्रेसर भरलेला असताना एक आणि चार गाड्यांनंतर दुसरा. एकाच चाकाचे चार नट चार ताणांवर बसले की चाकामागच्या ब्रेक डिस्कवर एकसारखा दाब राहत नाही. ती थोडी डगमगत फिरते, पुढे एकेका जागी जास्त झिजते आणि ब्रेक मारला की पेडल थरथरतं. मग ग्राहक डिस्कच्या नावाने खडे फोडतो.

मिरजकर
कंपनीत गाडी बनते तेव्हा नट मशीननेच आवळतात ना? मग टायरवाल्याने मशीन वापरलं की पाप?

चाकणचा_इंजिनीअर
ते मशीन वेगळं. लाइनवरचा नटरनर ठोके मारत नाही. चाकाचे सगळे नट एकदम धरतो, टॉर्क मोजतो आणि ठरल्या आकड्याला थांबतो. त्याची नोंदही राहते. त्याची आणि एअर गनची बरोबरी करू नका.

अनघा_पुणे
तुमचं चाललेलं आकड्यांचं बोलणं माझ्यावर गुदरलंय म्हणून लिहिते. पोलादपूरच्या पुढे भर पावसात टायर बसला. सोबत आई. स्टेपनी होती, जॅक होता, मला चाक बदलता येतं. नट हलेना. एल पान्याच्या टोकावर उभी राहिले तरी हलेना. आदल्याच आठवड्यात दुकानात पुढचे-मागचे टायर अदलाबदल करून घेतले होते, गनने.

हिशोब सोपा आहे. गाडीसोबतचा पाना साधारण पाव मीटरचा. माझं वजन ५५ किलो. टोकावर पूर्ण भार टाकला तरी जेमतेम १३५ न्यूटन मीटर होतात. नट २५०-३०० वर बसवला असेल तर मी काय, शंभर किलोचा माणूसही तो सोडवू शकत नाही. शेवटी एका टेम्पोवाल्या काकांनी लांब पाईप काढला तेव्हा सुटला. तोवर आम्ही दोघी वळणावर, मागून ट्रक. "बायकांना चाक बदलता येत नाही" असं म्हणणाऱ्यांनी आधी नट कोणी आणि किती आवळला होता ते विचारावं.

टायरवाला_कराड
ताई, तुमच्यावर आली ती वेळ वाईटच, त्यावर वाद घालणार नाही. पण आमची बाजू ऐका. नट ढिला राहून चाक निघालं तर गावभर बोभाटा होतो आणि पोलीस दुकानात येतात. जास्त आवळला तर कोणी विचारायला येत नाही. म्हणून पोरं "राहू दे अजून एक झटका" करतात. आणि ग्राहक? गाडी सुरू ठेवून उभा, "चला, लवकर". टॉर्क रेंच, म्हणजे टॉर्क मोजून आवळायचा पाना, काढला की "किती वेळ लावता" म्हणतात. त्या पाच मिनिटांचे पैसे कोण देतं?

चाकणचा_इंजिनीअर
जास्त आवळला तर काही होत नाही हा समजच घातक आहे. स्टड, म्हणजे नट ज्यावर चढतो तो आट्यांचा दांडा, ही ताणलेली स्प्रिंगच. मर्यादेपलीकडे ताणला की तो परत येत नाही, लांबतो, पकड सोडतो आणि एखाद्या दिवशी तुटतो. एक तुटला की त्याचा भार बाकीच्यांवर. चाक तेव्हाही निघतं, फक्त तोवर गाडी तुमच्या दुकानापासून लांब गेलेली असते.

देवगडकर
तुम्ही सगळे घाटावरचे. नट सुटत नाही त्याचं खरं कारण गंज. आमच्याकडे खाऱ्या वाऱ्यात दोन पावसाळे गेले की नट स्टडला धरतो आणि अलॉयचं चाक हबला, म्हणजे ते ज्यावर बसतं त्या भागाला, चिकटतं. मी दर वेळी स्टडला ग्रीस लावून घेतो. गन असो वा हात, नट मुकाट सुटतो. टायरवाल्यांनी एवढं केलं तरी हा धागा काढायची गरज पडली नसती.

चाकणचा_इंजिनीअर
कृपा करून हे कोणी करू नका. नटावर लावलेल्या टॉर्कपैकी स्टड ताणायला जेमतेम १०-१५ टक्के लागतो, बाकी सगळा आट्यांतल्या आणि बैठकीच्या, म्हणजे नट चाकावर टेकतो त्या जागेच्या, घर्षणात जातो. ग्रीसने घर्षण कमी केलं की त्याच ८५ मध्ये ताण चौथाईने, कधी त्याहूनही जास्त वाढतो. म्हणजे टॉर्क रेंच वापरूनही तुम्ही गनवाल्यासारखंच जास्त आवळून बसता.

देवगडकर
पुस्तकातलं सांगू नका. वडिलांची जीप, माझी गाडी, भावाचा टेम्पो, सगळ्यांना ग्रीस. एकही स्टड तुटलेला नाही. तुमच्या चाकणात समुद्र आहे का?

स्टुटगार्टहून_मंदार
इथे दर वर्षी दोनदा चाकं बदलतात, ऑक्टोबरात हिवाळी आणि ईस्टरला उन्हाळी, त्यामुळे हा विषय इथे घराघरात आहे. वर्कशॉपमध्ये नट सोडवायला गनच असते. आवळताना मात्र टॉर्क रेंच, आणि बिलावर लिहून देतात की ५० किलोमीटरनंतर पुन्हा तपासून घ्या. आटे वायर ब्रशने साफ करतात, ग्रीस नाही. पातळ थर लावतात तो हबच्या तोंडाला, जिथे चाक टेकतं.

देवगडकर
जर्मनीत कुठलं खारं वारं? ह्या गोष्टी किनाऱ्यावर राहणाऱ्याने सांगाव्यात.

स्टुटगार्टहून_मंदार
इथे बर्फ वितळायला हिवाळाभर रस्त्यावर मीठच टाकतात. खालून चाकावर उडतं ते खारं पाणीच.

अनघा_पुणे
आणि देवगडकर, "एकही तुटलेला नाही" हा पुरावा कसा? माझा नट सुटला नाही तो कोरडाच होता आणि त्यावर गंजही नव्हता. गंजाने सगळं समजावता येत नाही. तुम्ही गनचा विषय ग्रीसवर नेऊन टायरवाल्यांना मोकळं सोडताय.

देवगडकर
मी कोणाला सोडत नाहीये. ठीक आहे, हबला ग्रीस लावायचं पटलं. चाक हबला चिकटतं तो त्रास मोठा आहेच, लाथा मारूनही निघत नाही. पण स्टडचं पटलेलं नाही. किनाऱ्यावरच्या गंजाला वायर ब्रश पुरत नाही.

टायरवाला_कराड
ग्रीसचं तुम्ही तिकडे मिटवा. माझ्या दुकानाचं सांगतो. टॉर्क रेंच दोन-तीन हजारांत येतो, तो मी या महिन्यात घेतोय. कारला शेवटचा हात त्यानेच, ग्राहकासमोर, "टक" आवाज ऐकवून. त्याने नट सोडवायचा नाही आणि काम झालं की सेटिंग खाली आणून ठेवायचं, हे पोरांनाही बजावलंय. ट्रकला माझ्याकडून होणार नाही, तेवढ्या मोठ्या रेंचची किंमत मला परवडत नाही. आणि गन दुकानात राहणार. ज्याला कसाई म्हणायचंय त्याने म्हणावं, नट सोडवायला मी पोराला पाईपवर उड्या मारायला लावणार नाही.

अनघा_पुणे
एवढं केलंत तरी माझी तक्रार संपली. फक्त पावतीवर टॉर्कचा आकडा लिहून द्या.

चाकणचा_इंजिनीअर
आकडा प्रत्येक गाडीच्या पुस्तकातून बघून लिहा, एकच सगळ्यांना चालवू नका. बाजारातल्या अलॉयवर होंडाचे मूळ नटही लावू नका. त्यांची बैठक गोल आणि बहुतेक बाजारी अलॉयची तिरकी असते. टॉर्क बरोबर असूनही नट नीट टेकत नाही.

देवगडकर, स्टडला ग्रीस लावणारच असाल तर निदान टॉर्क कमी ठेवा. किती कमी, ते मी सांगू शकत नाही. पुस्तकातला आकडा कोरडा स्टड धरून दिलेला असतो.