मदत हवी आहे: मे महिन्यात सांगलीहून ताजी शेवंड खायला कोकणात कुठे जावं?

कृष्णाकाठचा

मंडळी, यंदा मुलांच्या सुट्टीत कोकणात जायचं घाटतंय. किल्ला, आमराई, समुद्रात डुंबणं हे सगळं होईल तसं होईल, मुख्य कार्यक्रम शेवंड, म्हणजे लॉबस्टर. वडील नोकरीनिमित्त काही काळ रत्नागिरीत होते, तेव्हा त्यांनी खाल्लेली. तेव्हापासून घरात मासे शिजले की पालुपद ठरलेलं, "हे बरंय, पण शेवंड ती शेवंड." आमची धाव मरळ आणि कटल्यापर्यंत. हॉटेलच्या मेनूकार्डावर 'लॉबस्टर' दिसतं, किमतीच्या जागी 'भावानुसार' लिहिलेलं असतं आणि मी मुकाट्याने पान उलटतो.

आई-वडील, आम्ही दोघं आणि दोन मुलं, घरची गाडी. चुलतभावाचं लग्न उरकून मेच्या शेवटच्या आठवड्यात निघायचा विचार आहे. मालवणला जावं की दापोलीकडे? हॉटेलात खावी की बंदरावर घेऊन कुणाकडून करून घ्यावी? ताजी कशी ओळखायची, ते तर मला काहीच माहीत नाही. येताना बर्फाच्या पेटीतून सांगलीला आणता येईल का? (ही बायकोची फर्माईश, माहेरच्यांना खिलवायचीय.)

आणखी एक. धाकट्याला कोळंबी खाल्ल्यावर एकदा अंगावर गांधी उठल्या होत्या. शेवंड चालेल का?

माहेर_मालवण

दादा, मी मिरजेत दिलेली मालवणची लेक, म्हणून आधी तारखेचं बोलते. शेवटचा आठवडा नको. 1 जूनपासून 31 जुलैपर्यंत यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद असते, हे खरं. पण 31 मेपर्यंत सगळं सुरळीत असतं असं धरून चालू नका. वळवाचा वारा सुटला की समुद्र आधीच खवळतो आणि लहान होड्या बाहेर पडत नाहीत. शेवंड या लहान होडीवाल्यांच्याच जाळ्यात जास्त येते, कारण ती खडकांच्या कपारीत राहते आणि रात्री बाहेर पडते. संध्याकाळी जाळं लावायचं, पहाटे काढायचं. वारा असला की ते जमत नाही. किल्ल्याच्या होड्या आणि तारकर्लीचं स्कूबाही मेअखेरीस बंद होतं, म्हणजे मुलंही हिरमुसणार. लग्नाच्या आधी, मेच्या पहिल्या पंधरवड्यात जाऊन या. हापूसही तेव्हाच भरात असतो.

राहायला घरगुती निवास बघा. पोचल्या पोचल्या घरच्या काकूंना सांगून ठेवायचं, "शेवंड आली तर आमच्यासाठी घ्या." 'आली तर' हे महत्त्वाचं. बांगडा रोज मिळेल, शेवंड मिळेलच असं नाही. म्हणून एका मुक्कामावर येऊ नका, दोन-तीन ठेवा. एखाद्या सकाळी मुलांना किनाऱ्यावर रापण, म्हणजे मोठं जाळं, ओढतात ती दाखवा. त्यात शेवंड नसते, पण मुलं जेवायचं विसरतील.

आता ताजेपणा. माझी आजी म्हणायची, "मेलेली शेवंड घेव नको, फुकट गावली तरी." जिवंत असेल तर पाठीकडून उचलल्यावर शेपूट फटाफट आपटते. हात जपा, मिशा आणि पाठ काटेरी असते. मेल्यावर तिच्यातलेच पाचकरस मांस पोखरतात आणि ते पिठासारखं भुसभुशीत होतं. शेपूट ढिली लोंबत असेल, डोकं-शेपटीच्या सांध्याशी काळं पडलं असेल तर सरळ पुढे चालू लागा.

सांगलीला न्यायचं म्हणाल तर कच्ची नाहीच. मेच्या उन्हात करूळ घाट चढताना पेटीतला बर्फ किती टिकणार? तिथेच उकडून, शेपटीचं मांस काढून, गार करून बर्फात घट्ट दाबून न्या आणि त्याच रात्री संपवा. वहिनींच्या माहेरच्यांना सोडे आणि कोकम न्या, तेही खूश होतील.

अजिंक्यतारा_७७

आम्हा सातारकरांना दापोली सोयीची. महाबळेश्वर, आंबेनळी घाट, पोलादपूर, खेड करत किंवा कराडहून कुंभार्ली घाटाने चिपळूण. हर्णै बंदरावरचा लिलाव बघण्यासारखा असतो, फक्त बोली टोपल्यांची, आपल्याला हवी एक-दोन नगं. लिलावातून घेतलेल्या कोळणींकडून पुढे खरेदी करायची. तुम्ही सांगलीकर मात्र कोल्हापूर, गगनबावडा मार्गे मालवणच धरा, दोनशे किलोमीटरच्या आसपास पडेल. करूळ घाट काँक्रिटीकरणासाठी बराच काळ बंद होता, त्यामुळे निघण्याआधी चौकशी करा. नाहीतर भुईबावडा किंवा राधानगरीवरून फोंडा घाट आहेच.

कृष्णाकाठचा

ताई, मनापासून आभार. लग्नाआधी निघायचं म्हणजे आईशी बोलावं लागेल. तिचे सोमवार, गुरुवार, शनिवार पाळायचे आणि मंगळवार गणपतीचा. राहिले बुधवार, शुक्रवार, रविवार. त्यातही मध्ये संकष्टी आली तर शेवंडीलाच जीवदान.

धाकट्याचं कुणी सांगेल का? आणि खर्चाचा अंदाज?

औषधवाला_मिरज

धाकट्याला देऊ नका. कोळंबी, खेकडा, शेवंड एकाच कुळातले, आणि बहुतेकांना त्रास होतो तो ट्रोपोमायोसिन नावाच्या प्रथिनाचा. ते तिन्हींत असतं आणि शिजवूनही जात नाही. पहिल्यांदा नुसत्या गांधी उठल्या म्हणून पुढच्या वेळीही तेवढ्यावरच भागेल याची खात्री नसते. आधी डॉक्टरांना दाखवा. तोवर त्याचा बांगडासुद्धा वेगळ्या तव्यावर, वेगळ्या तेलात तळायला सांगा. पापलेट, सुरमई हे मासे आहेत, त्यांचा आधी त्रास नसेल तर तो उपाशी राहणार नाही.

खर्डेघाशी

खर्चाचं. शेवंड थाळीच्या भावात बसत नाही, किलोवर विकली जाते आणि भाव रोज बदलतो. म्हणून हॉटेलात असो की घरगुती, तीन गोष्टी आधी विचारायच्या: किलोचा भाव, या नगाचं वजन आणि करणावळ वेगळी का. वजन आपल्यासमोर, जिवंत असताना. आपल्याकडच्या शेवंडीला परदेशी लॉबस्टरसारख्या मोठ्या नांग्या नसतात. मांस मुख्यतः शेपटीत, म्हणजे किलोमागे जेमतेम तिसरा हिस्सा ताटात पडतो. सहाजणांनी पोट भरून खायचा बेत असेल तर गाडी विकावी लागेल. एक बऱ्यापैकी मोठी घ्या, सगळ्यांनी चवीपुरती खा, पोट बांगड्याच्या कढीने भरा.

फार लहान घेऊ नका, स्वस्त पडली तरी. निर्यातीसाठी केंद्राने 2003 साली जातीनुसार किमान वजनं ठरवली आहेत, काट्याच्या शेवंडीला 200, 300 आणि 500 ग्रॅम. आपण निर्यात करत नसलो तरी माप म्हणून लक्षात ठेवायला हरकत नाही. पोटाखाली अंड्यांचा घोस दिसला तर तीही नको. मुंबईच्या समुद्रातली चपटी शेवंड 1990च्या दशकात उपसून उपसून जवळपास संपवली, मालवणचं तसं व्हायला नको.

आणि बटर-गार्लिकच्या नादी लागू नका. उभी चिरून, हळद, मीठ, कोकमाचं आगळ आणि थोडा मालवणी मसाला लावून तव्यावर. कवच लाल झालं, मांस पांढरं झालं की लगेच उतरवायला सांगा. जास्त शिजली की रबर.

कृष्णाकाठचा

ठरलं. मेच्या दुसऱ्या आठवड्यात मंगळवारी दुपारी निघतो, म्हणजे बुधवार आणि शुक्रवार हाताशी. आई मधल्या गुरुवारी वरण-भातावर राहील म्हणाली. वडिलांनी आत्ताच विचारलंय, बुधवारी नाहीच मिळाली तर शुक्रवारची खात्री कोण देणार. ताई, मालवणात बंदराजवळ, वयस्कर माणसांना जिना चढावा लागणार नाही असा घरगुती निवास माहीत असेल तर कृपया व्यक्तिगत निरोपातून कळवा.