संग्रहालयातल्या नौदल विमानांचे फोटो: साखळ्या, फलक, गंज पुसून टाकावेत का?

टेलहुक (धागाकर्ता)

नौदल विमान संग्रहालयांत काढलेले फोटो हल्ली बघवत नाहीत. विमानाभोवतीची साखळी गायब, माहितीफलक गायब, पंखावरचे डाग गायब, आणि मागे कुठून तरी आणलेलं सूर्यास्ताचं आकाश. फोनवर बोट फिरवलं की काम होतं, म्हणून सगळे करतात. माझं म्हणणं असं की उजेड-सावली सुधारा, रंग नीट करा, कडा कापा. पण जे तिथे होतं ते पुसू नका आणि नव्हतं ते आणून बसवू नका.

इंग्लंडमध्ये योव्हिल्टनच्या फ्लीट एअर आर्म म्युझियममध्ये केडी ४३१ क्रमांकाचं कॉर्सेअर, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातलं लढाऊ विमान आहे. १९६०च्या दशकात प्रदर्शनासाठी त्याला वरून नवा रंग दिला गेला होता. पुढे तिथल्याच लोकांनी तो थर हाताने, इंच इंच करत, काही वर्षं खपून उतरवला आणि खालून १९४४चा मूळ रंग बाहेर आला. आज ते विमान मळकट, ओरखडलेलं दिसतं आणि त्याची किंमत नेमकी त्यातच आहे. अशा विमानाचा फोटो ‘स्वच्छ’ करणारा माणूस पुरावा नष्ट करतो, असं मी सरळ म्हणेन.

निळीरेघ

साफ असहमत. कॉर्सेअरचा रंग विमानाचा आहे, त्याला मीही हात लावणार नाही. साखळी विमानाची नाही. कचऱ्याचा डबा विमानाचा नाही. ते पुसल्याने इतिहासाचं काय बिघडलं?

अमेरिकेतल्या पेन्साकोलाच्या नौदल विमान संग्रहालयाचं उदाहरण घ्या. तिथे ब्लू एंजल्स या अमेरिकी नौदलाच्या हवाई कसरती करणाऱ्या पथकाची चार स्कायहॉक जेट विमानं काचेच्या उंच दालनात हिऱ्याच्या आकाराच्या रचनेत टांगली आहेत. संग्रहालयालाच ती उडताना दाखवायची आहेत, तारा केवळ नाइलाज म्हणून आहेत. मी फोटोतून तारा काढल्या तर संग्रहालयाच्या मनात होतं तेच पुरं केलं. विमान उडण्यासाठी बनतं. ते कैद्यासारखं साखळीआड दाखवण्याचा आग्रह मला पटत नाही.

टेलहुक

‘विमानाचं’ आणि ‘विमानाचं नाही’ ही रेघ बोलायला सोपी आहे, मारायला अवघड. बाहेर उभी असलेली बरीच विमानं टायरवरचा भार कमी करायला स्टँडवर टेकवलेली असतात. स्टँड पुसलात की चाकांचे पाय भार नसल्यासारखे लांब दिसतात आणि विमानाची ठेवणच खोटी होते. आणि पुसणाऱ्या सॉफ्टवेअरला तुमची रेघ ठाऊक नसते. टांगलेल्या तारेबरोबर ते पाठीवरची अँटेनाची तारही नेतं. फलकाचा खांब काढताना नाकावरची वेग मोजणारी पिटोट नळी उडालेले फोटो मी पाहिले आहेत. काढणाऱ्याच्या लक्षातही आलेलं नव्हतं.

पत्रारिवेट

मी विमानांच्या छोट्या प्रतिकृती बनवतो, त्यामुळे टेलहुक यांच्या बाजूने. पिटोट नळी नसलेला फोटो समोर ठेवून कोणी मॉडेल बनवतो, मग त्या मॉडेलवरून तिसरा कोणी, आणि चूक कायमची घर करते.

पण पुसण्याइतकीच माझी दुसरी तक्रार आहे. सगळे नाकासमोर उभे राहून रुंद लेन्सने फोटो काढतात. नाक फुग्यासारखं, पंख आखूड! सरळ उभं वर उठू शकणाऱ्या सी हॅरियर विमानाचा सगळा जीव त्याच्या चार फिरत्या नॉझलमध्ये, म्हणजे झोत बाहेर सोडणाऱ्या तोंडांमध्ये आहे. पुढच्या दोनमधून पंख्याची थंड हवा, मागच्या दोनमधून इंजिनाचा तप्त झोत, म्हणून दोन्हींची घडण वेगळी. बाजूने, थोडं मागे सरकून, खाली बसून काढल्याशिवाय हे दिसतच नाही. सी हॉक या जुन्या लढाऊ जेटचं धुराडं शेपटीत शोधू नका. झोत दोन भागांत वाटून पंखांच्या मुळाशी दोन्ही बाजूंनी बाहेर सोडला आहे. मागच्या कोपऱ्यातून घेतलेला एक फोटो ते समजावून देतो. आलिझे या पाणबुडीविरोधी विमानाच्या पंखाखालचे फुगीर डबे नुसते चाकांसाठी नव्हते, पाणबुड्या शोधणारे सोनोबॉय त्यांत ठेवत. हे टिपा. ढगाळ दिवशी जा, पोटाखालच्या काळ्या सावल्यांचा प्रश्न निम्मा सुटतो. काच आडवी येत असेल तर लेन्सला रबरी हूड लावून ती काचेला टेकवा, प्रतिबिंब जातं. खोडरबराची गरज बरीचशी अशीच संपते.

डेकक्रू

मी नौदलात विमानांच्या देखभालीवर काम केलं आहे, त्यामुळे थोडं मोकळेपणाने लिहितो. कॉर्सेअरचे ओरखडे युद्धकाळातले आहेत, त्यांचा मान वेगळा. पण गोव्याच्या नौदल विमान संग्रहालयात जी विमानं उघड्यावर, समुद्राजवळच्या खाऱ्या हवेत उभी आहेत, त्यांचा उडालेला रंग आणि धुरकटलेली कॅनपी (वैमानिकाच्या डोक्यावरची काच) हा त्यांच्या सेवेचा भाग नाही. १९७१मध्ये विक्रांतवरून सी हॉक आणि आलिझे तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातल्या चितगाव आणि कॉक्स बझारवर हल्ले करायला गेली. त्या जातीचं विमान पोपडे आलेल्या अवस्थेत लोकांच्या फोनवर फिरतं आणि खाली ‘भंगार’ म्हणून शेरे येतात, तेव्हा मला राग येतो. कामावर असताना आम्ही एक स्क्रू सैल राहू देत नव्हतो. ज्यांनी हे विमान कधी धडधाकट पाहिलं नाही, त्यांच्या मनात पहिलं चित्र गंजाचं का बसावं? मी तर म्हणेन, सुंदर करून दाखवा. आकाश बदललं तरी माझी हरकत नाही.

निळीरेघ

डेकक्रू, मला जे मांडता येत नव्हतं ते तुम्ही मांडलंत. आणि टेलहुक, संग्रहालयं स्वतःदेखील एका विमानावर दुसऱ्या नामांकित विमानाचे क्रमांक आणि चिन्हं रंगवतातच. तो दस्तऐवज तुम्ही जसाच्या तसा जपणार का?

टेलहुक

हो, तोही जसाच्या तसाच टिपणार, आणि खाली लिहीन की क्रमांक दुसऱ्या विमानाचा आहे. संग्रहालयाने काय केलं हे त्यातूनच पुढच्याला कळेल.

डेकक्रू, तुमचा राग मला समजतो. पण पेन्साकोलातलंच डॉन्टलेस २१०६ हे बॉम्बफेकी विमान पाहा. जून १९४२मध्ये प्रशांत महासागरातल्या मिडवेच्या लढाईतून दोनशेहून जास्त गोळ्या खाऊन परतलेलं विमान. पुढे शिकाऊ वैमानिकांच्या सरावासाठी ठेवलं आणि १९४३मध्ये मिशिगन सरोवरात बुडालं. काही दशकं पाण्याखाली होतं, मग वर काढून दुरुस्त केलं. सरोवरातून निघालेल्या चिखलमाखल्या सांगाड्याचे फोटो कोणी ‘शोभत नाही’ म्हणून टाळले असते, तर दुरुस्ती कुठून सुरू झाली आणि किती झाली हे कशावरून कळलं असतं?

खाऱ्या हवेचंही तेच. दरवर्षी त्याच कोनातून, तारखेसह काढलेला फोटो दाखवतो की पोपडे किती पसरले. सगळेच फोटो चकाचक असतील तर या विमानांवर छप्पर हवं, हे कोणाला पटवून देणार? ‘भंगार’ म्हणणाऱ्याला मी तिथेच उत्तर देईन. त्याच्यासाठी विमान झाकणार नाही.

पत्रारिवेट

निदान आकाश बदललेल्या फोटोखाली तसं लिहावं, एवढं तरी सगळ्यांनी मान्य करा.

निळीरेघ

तेवढं मान्य. तारा मात्र मी काढणारच.

डेकक्रू

सुंदर फोटोबद्दलचं माझं मत बदललेलं नाही. पण दरवर्षी फोटो काढणार असाल तर नुसता बाजूचा काढून उपयोग नाही. घडी होणाऱ्या पंखांच्या बिजागऱ्या, चाकांच्या खोबणीच्या वरच्या कडा, जहाजावर उतरताना तार पकडणाऱ्या शेपटीच्या हुकाचं मूळ, आणि दोन पत्रे जिथे एकमेकांवर चढतात ते जोड, इथे पाणी साचतं आणि गंज आधी तिथेच धरतो. शेजारी मोजपट्टी दिसेल असा जवळून फोटो घ्या. हात लावू नका, साखळीच्या आत जायचं असेल तर तिथल्या माणसाला विचारून जा. आणि ते फोटो संग्रहालयाला आधी पाठवा, बाकी सगळीकडे नंतर.